पोटमाळ्यावरचं खत

११ फेब्रुवारी २००२, सोमवार

माणिकप्पाचं गोदाम पाडायला घेतलं. पहिला घण मी घातला. टोळीला आधीच बजावलं होतं, कुणी हात लावायचा नाही. पहिला माझा!

दगड काळा, जोडणी पांढऱ्या मातीची, भिंत दोन हात रुंद. असली भिंत खालून फोडणारा तिच्याखालीच जातो. वरून थर उतरवत यायचं आणि कोपरे शेवटपर्यंत ठेवायचे. कोपरा धरून असतो. हे मला कुणी शिकवलं नाही. शाळा चौथीत सुटली. भूकंपानंतर ढिगारे उपसले, तेव्हा पडलेल्या भिंतींकडे बघून शिकलो. आज लातुरात पाडकाम म्हटलं की ग्यानोबा मिस्त्री.

या जागेवर पोरांचं वसतिगृह होणार, खाली क्लास. गंजगोलाई बाजाराच्या मागची निम्मी जुनी घरं अशीच गेली. भूकंपाने गावं पाडली, आता क्लासवाले लातूर पाडून राहिलेत. माझी तक्रार नाही. माझी चूल त्यावरच पेटते.

टोळी सांभाळतो तो मकबूल, माझा जुना जोडीदार. त्याने विचारलं, उस्ताद, या माणसाचं काम तुम्ही कसं काय धरलं? त्याचं उत्तर इथे लिहितो. माझी धाकटी बहीण केवळा त्र्याण्णवला ढिगाऱ्याखाली मेली. तिला जिवंत काढता आलं असतं. आलं नाही, ते या माणिकप्पामुळे. त्याच्या बापाने बांधलेली भिंत माझ्या घणाखाली फुटावी आणि त्याने उभं राहून बघावं — म्हणून धरलं.

तो बघत होता. छत्री उघडून, उन्हात.

१४ फेब्रुवारी

आज पोटमाळा.

पत्र्याखाली सागवानी फळ्यांचा माळा आहे. तिथे कबुतरं. माणिकप्पाच्या बापाच्या काळापासूनची असावीत. शीट गुडघ्यापर्यंत साचलेली — वर पांढरी, खाली काळी, कोरडी ठाण. फावडं घातलं की पिठासारखी उडते. मजूर शिडीवरून माघारी आले. मकबूल म्हणाला, "उस्ताद, पैले पानी मारू, मंग काढू. सुकं उडालं तर छातीत बसतंय."

माणिकप्पा खालून म्हणाला, पाणी मारायचं नाही. हे खत आहे. भिजलं की सडतं, पोत्यात टिकत नाही. औशाकडे त्याचा द्राक्षाचा मळा आहे, त्याला कबुतराचं खत सोन्यासारखं. पण मजूर काही चढेनात. तेव्हा शेठने धोतर खोचलं, टोपी काढून खिशात घातली आणि स्वतः शिडी चढला. वरून माझ्याकडे बघून म्हणतो —

"मिस्त्री, तुमची माणसं भितात, का तुमी?"

मी चढलो. त्याने तोंडाला फडकं बांधलं नव्हतं, मग मीही बांधलं नाही. दिवसभर आम्ही दोघंच. तो पोतं शिवायला घ्यायचा, तोवर माझं शिवून झालेलं असायचं. पांढऱ्या धुरळ्यात त्याचं टक्कल तेवढं दिसायचं. माझ्या फावड्याची धार मी स्वतः लावलेली. एक वार मानेच्या मागे, कानाखाली. पोतं सरळ करतानाही तेच मनात. खालून मकबूल ओरडून राहिला होता, उस्ताद, आता उतरा.

तो उतरल्यावर उतरलो. आधी नाही.

१५ फेब्रुवारी

नाकातून अजून पांढरं येतंय. भाकरीला चव नाही.

२ मार्च

रस्त्याकडची शेवटची भिंत. थर उतरवायचे सोडून मी ती सबंध ओढून पाडली. मधोमध भोक पाडलं, साखळी ओवली, साखळी ट्रॅक्टरला. दोरावर भागलं असतं. पण मला साखळीच पाहिजे होती — त्याला दिसायला!

भिंत आधी पोटात फुगली. मग मधून तडकली, आणि वरचा अर्धा भाग पुढे झुकून तोंडावर आपटला. जमीन हादरली. समोरच्या क्लासातली पोरं वह्या घेऊन पळत बाहेर आली. भूकंप वाटला त्यांना.

माणिकप्पा साखळीकडे बघत होता. मग त्याने तोंड फिरवलं. कळलं त्याला. कुत्र्याला बरोबर कळलं.

१९ एप्रिल

खोकला जाईना. बायकोने, साखराबाईने, अडुळशाचा काढा दिला, ज्येष्ठमध दिलं, देवाला बोलली. तिला वाटतं विड्यांनी झालं. विडी मी मिसरूड फुटल्यापासून ओढतोय.

मकबूल सांगत होता की माणिकप्पाही खोकून राहिलाय. नव्या कॉलमची सळई बघायला येतो तेव्हा रुमाल तोंडाला. मी म्हणालो, शेठ लोकांना खोकला सुद्धा चारचौघांत दाखवावा लागतो. मकबूल हसला. मीही हसलो, आणि हसता हसता खोकल्याने उकिडवा झालो.

२८ मे

थुंकीत रक्त. लाल नाही, विटकरी.

टीबीची तपासणी केली. नाही निघाला. छातीच्या फोटोत उजव्या बाजूला वर एक गोल सावली आहे. डॉक्टर मला बाहेर बसायला सांगून साखराबाईशी बोलायला लागला. मी बसलो नाही. माझ्या छातीचं माझ्यासमोर बोला म्हणालो. मोठ्या मशीनवर फोटो काढा म्हणाला.

लातुरात काढणार नाही. इथे सगळे ओळखतात. नांदेडला लेकीकडे, तनुजाकडे, जाऊन काढतो.

१२ जून, नांदेड

लिंबाएवढी गाठ. कडा वेड्यावाकड्या. मी फोटो उजेडाला धरून बघितला. तडा कुठला, सावली कुठली, एवढं मला कळतं.

डॉक्टर म्हणाला, दिसायला कॅन्सरसारखी दिसते. पण नुसत्या दिसण्यावर मी नाव घेणार नाही. बाहेरून सुई घालू, तुकडा काढून तपासू. टीबीची, बुरशीची गाठ सुद्धा कधीकधी अशीच दिसते.

मन राखायला बोलतात असं. तोंड बघून कळलं मला.

सुई मी घेणार नाही. इस्लापूरच्या मामाच्या मानेला गाठ होती, गप पडून होती. सुई टोचली आणि गाठ फुटून अंगभर पसरली. तूर कापायला मामा राहिला नाही. गाठीला सुई म्हणजे तोललेल्या भिंतीला चुकीच्या जागी पहार. एवढी अक्कल मला आहे! दहा पुस्तकं वाचलेल्याला नसेल.

घरी आल्यावर जावई भागवत म्हणाला, "मामा, तुमी शिकलेल्या माणसाचं ऐकतच न्हाई. ही भिंत न्हाई, फुप्फुस हाय." मी त्याच्या कानाखाली ओढली. त्याच्याच घरात, जेवणाच्या ताटावर. तनुजाने ताट उचललं आणि आत गेली. भागवत जागचा हलला नाही. गाल धरून म्हणाला, टोचून घ्या मामा.

मुक्काम न करता निघालो.

१३ जून

येताना चाकूरला बस थांबली. उसाचा रस घेतला. पिऊन झाला आणि ग्लास भिंतीवर फोडला. का, माहीत नाही. रसवाल्याने नुसता झाडू घेतला. माझा चेहरा बघून.

२० जून

वाटलं होतं भीती वाटेल. वाटत नाही. हात मोकळे झाल्यासारखे वाटतात.

केवळाचं लिहून काढतो. एकदाच.

केवळाचं गाव किल्लारीच्या बाजूला. मी लातूरहून मिळेल त्या गाडीने पोचलो. गाव नव्हतं. दगड, आणि दगडांतून पाय, कुठे हात, कुठे बैलाचं पोट. केवळाच्या घराचं माळवद सबंध खाली बसलं होतं, मातीसकट. आतून आवाज आला — "दादा." फटीतून हात घातला तर तिची बोटं लागली. तिने माझी बोटं धरली. तिच्यावर आडवी तुळई होती. माणसांनी हलत नव्हती. साखळी पाहिजे होती, ओढायला ट्रॅक्टर पाहिजे होता.

त्या गावात दोन्ही फक्त एकाकडे होतं. माणिकप्पाचं जुनं घर तिथे होतं, तो पहाटेच ट्रॅक्टर घेऊन आला होता. मी त्याच्या पाया पडलो. मी! जन्मात एकदाच कुणाच्या पाया पडलो. तो म्हणाला, लगेच येतो. आणि ट्रॅक्टर स्वतःच्या घराकडे नेला. त्याच्या घरात माणूस नव्हतं. नंतर गावात चार जणांना विचारून मी खात्री केलेली आहे. तिथून त्याने काय काढलं? तुरीची पोती!

तो आला तेव्हा केवळाने बोटं सोडली होती.

तेव्हाच पहार घालायला पाहिजे होती. तनुजा लहान होती, म्हणून घातली नाही. मी फासावर गेलो तर तिचं आणि साखराबाईचं कोण, हा विचार. आता तनुजा तिच्या घरी आहे. आणि फाशीची भीती मला कोण घालणार? फास तयार होईपर्यंत मी राहतोच कुठे!

त्याला मारूनच मरणार. ठरलं.

२६ जून

साखराबाई म्हणते, बार्शीला चला, तिथे मोठा दवाखाना आहे, तिच्या मावशीच्या दिराला तिथेच गुण आला. सुई टोचू द्या म्हणते. मी ताट भिरकावलं. आमटी भिंतीवर. पितळी तांब्या हातात घेतला.

ती हलली नाही. पदर कमरेला खोचला आणि म्हणाली, "मारा. मला मारून गाठ जात आसंल तर मारा. पर मंग सुई घ्या."

तांब्या खाली ठेवला. तिने भिंत पुसली.

तिला माहीत नाही मी काय ठरवलंय. मकबूलला संशय आहे. माझ्या हत्यारांची पेटी परवा त्याने त्याच्या घरी नेऊन ठेवली, गंज काढतो म्हणाला. पहार विसरला.

८ जुलै

माणिकप्पा दुपारी पहिल्या स्लॅबवर येतो. मजूर जेवायला गेलेले असतात. कडेची फळकुटं अजून काढलेली नाहीत, त्यामुळे रस्त्यावरून दिसत नाही. जिना एकच. पहारीचं टोक घासून घेतलं. टोकाने नाही, मधल्या भागाने मारायचं — टोक अडकतं. आधी पाय. मग बरगड्या. डोकं शेवटी. घर पाडतो त्याच्या उलटं. खालून वर. त्याला कळायला पाहिजे की आपण पाडले जातोय.

९ जुलै

आज.

११ जुलै, सरकारी दवाखाना, लातूर

डावा हात खाटेला बेडीने बांधलेला. उजवा मोकळा आहे. मकबूलने वही आणून दिली, हवालदाराने चाळून बघितली आणि अक्षर लागत नाही म्हणून परत दिली.

तो स्लॅबवर पाठमोरा उभा होता. मी नाव घेतलं. पाठीमागून मारणार नव्हतो. तो वळला, पहार बघितली, आणि पळाला नाही. पळायला जागाही नव्हती.

पहिला फटका उजव्या गुडघ्याखाली. हाड मोडल्याचा आवाज मला माहीत आहे, ढिगाऱ्यात ऐकलाय. तसाच. तो बसला. दुसरा बरगड्यांवर. मग तिसरा, मग मोजलं नाही. तो ओरडत नव्हता. नुसता हुं, हुं. धोतर लाल झालं. त्याने हात वर केला, तर हातावर एक. मी म्हणत होतो, केवळा, केवळा, केवळा — प्रत्येक फटक्याला.

तो म्हणाला, "आलो व्हतो मी मिस्त्री. उशिरा आलो, पर आलो व्हतो."

ते ऐकून डोक्यात जाळ झाला. उशिरा! मी पहार दोन्ही हातांनी डोक्यावर नेली. शेवटची. आणि तिथेच खोकला आला. असा कधी आला नव्हता. छाती आतून कुणी फावड्याने खरवडावी तसा. पहार हातातून सुटली, माझ्याच पायावर पडली. मी गुडघ्यांवर आलो. तोंडातून रक्त, स्लॅबवर.

आणि समोर तोही खोकून राहिला होता. मोडक्या बरगड्या धरून. त्याच्याही तोंडातून रक्त. आधी वाटलं, माझ्या माराचं. पण खोकला मी ओळखतो. महिनोन्महिने माझाच ऐकलाय. आधी दोन कोरडे, मग एक लांब, शेवटी शिट्टीसारखा श्वास. अगदी तसाच. दोघं समोरासमोर, गुडघ्यांवर, एकाच तालात.

मकबूल जिन्याने आला. त्याने पहार उचलून खाली फेकली. मला म्हणाला, बसा उस्ताद. त्यालाही तेच म्हणाला.

पोलिसांनी आधी ठाण्यात नेलं. माझ्या तोंडाचं रक्त थांबेना, म्हणून इथे. माणिकप्पा वरच्या मजल्यावर आहे. जिवंत.

मला खंत नाही. अर्धं राहिलं, एवढीच आहे.

१३ जुलै

इथे डॉ. हुमा म्हणून बाई आहेत. तनुजापेक्षा थोड्या मोठ्या. आज दोन फोटो घेऊन आल्या आणि खिडकीच्या काचेला लावले. एक माझा. दुसरा माणिकप्पाचा, बरगड्या बघायला काढलेला. तीन मोडल्यात. ते बघून बरं वाटलं.

मग बाईंनी बोट ठेवलं. त्याच्या छातीत, डाव्या बाजूला, लिंबापेक्षा थोडी लहान. गोल. कडा वेड्यावाकड्या.

"मामा, तुम्ही दोघं नातेवाईक आहात?"

मी हसलो. बेडी वाजली. हवालदारही हसला.

त्यांना हसू आलं नाही. म्हणाल्या, एका जागेवर काम केलेल्या दोन माणसांना एकाच उन्हाळ्यात एकसारखा कॅन्सर होत नाही. तुम्ही दोघं कुठे एकत्र होतात? जिथे बाकीचे नव्हते?

मला आधी काही आठवेना. एकत्र? मी आणि तो? मकबूल खाटेच्या पायथ्याशी उभा होता. तो म्हणाला, पोटमाळा.

मग त्यानेच सगळं सांगितलं. शीट, सुकी शीट, पाणी न मारणं, पोती. बाई फडाफडा लिहून घेत होत्या. टोळीतलं दुसरं कुणी खोकतं का, विचारलं. मकबूल म्हणाला, न्हाई, वर ह्ये दोघंच चढले व्हते. कशामुळं चढले, विचारलं तर तो माझ्याकडे बघायला लागला.

बाई म्हणाल्या, सुई घ्यावी लागेल. मी नाही म्हणालो. इस्लापूरच्या मामाचं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, तुमचे मामा त्या सुईने गेले नाहीत, सुई उशिरा टोचली म्हणून गेले. आणि वर गेल्या, माणिकप्पाला विचारायला.

उशिरा. सगळ्यांना हाच शब्द सापडतो.

१५ जुलै

माणिकप्पाने सुई घेतली. घे म्हणालो! पसरू दे अंगभर. जे पहारीने राहिलं ते सुई करील.

दिवसभर जिन्याकडे कान. वरून रडण्याचा आवाज येतो का म्हणून. आला नाही.

२३ जुलै

बाई आल्या. माणिकप्पाचा तुकडा तपासून आला. कॅन्सर नाही. बुरशी. कबुतराच्या शिटेत वाढते, सुकी उडाली की श्वासाबरोबर आत जाते आणि फुप्फुसात गाठ धरते. गोळ्यांनी विरघळते.

मी विचारलं, तो जगणार?

हो म्हणाल्या. पाय थोडा आखूड राहील.

हवालदार मला म्हणाला, मिस्त्री, मग तुमी कशापायी मारलं त्याला? त्याला सगळी हकिकत सांगायला गेलो आणि माझ्याच तोंडात अडकली. केवळाचं मला मरेपर्यंत पुरणार आहे, ते खरंच आहे. पण मी मारलं ते मरणार होतो म्हणून. मरणार नसतो तर? पहार पेटीत राहिली असती. नऊ वर्षं राहिलीच होती की!

साखराबाई आली. भाकरी, शेंगदाण्याची चटणी. मी म्हणालो, सुई घेतो. तिने चटणी भाकरीवर पसरून दिली, कारण एका हाताने जमत नाही.

सुई घेतली. दुखली. गाठ फुटली नाही.

३० जुलै

माझीही बुरशीच. गोळ्या बरेच महिने. उद्या कोर्टात उभं करणार, मग तुरुंग. गोळ्या तिथेही मिळतील, बाईंनी चिठ्ठी दिली आहे.

मकबूल वरून माणिकप्पाचा निरोप घेऊन आला. "मिस्त्रीला म्हणावं गोळ्या चुकवू नको. तो मेला तर कोर्टात मी बोट कुणाकडं दाखवू?"

पहिली गोळी घेतली. पाणी मकबूलने ओतलं.